पुढचे दार उघडे हवे

दहावीचा निकाल लागला की आमच्या इमारतीत दोन-तीन दिवस पेढ्यांची ये-जा सुरू असते. पेढा हातावर ठेवताना टक्के सांगितले जातात आणि पेढा तोंडात टाकता टाकता घेणारा विचारतो, ‘मग आता सायन्सच ना?’ या प्रश्नातल्या ‘च’ला आजवर कुणी फारसे हटकलेले नाही. सायन्स नाही तर कॉमर्स, तेही नाही तर आर्ट्‌स, आणि काहीच जमले नाही तर मग ‘बघू कुठे आय.टी.आय.बिय.टी.आय.मध्ये,’ अशी उतरती भाजणी आपण मनाशी ठरवून टाकली आहे. मुलाला काय येते, कशात त्याचा जीव रमतो, हा प्रश्न या भाजणीत कुठेच बसत नाही.

काही वर्षांपूर्वी असाच जून महिना होता. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातल्या मुलाला अठ्ठ्याहत्तर टक्के पडले होते. मुलगा अबोल, पण हात भलता सफाईदार. इमारतीच्या पाण्याची मोटर बंद पडली की मिस्त्री येईपर्यंत हा तिच्याजवळ बसून असायचा, आणि बरेचदा मिस्त्री दारात पोचेपर्यंत मोटर सुरू झालेली असायची. त्याने घरात जाहीर केले, ‘मला तंत्रनिकेतनात जायचंय. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचाय.’ वडील बँकेत नोकरीला. ते संध्याकाळी माझ्याकडे आले. म्हणाले, ‘तुम्हीच समजवा त्याला. आमच्या घरात अजून कुणी हातात पाना धरलेला नाही.’

मी समजावले. ‘आधी बारावी कर, मग काय हवे ते कर. दार काही पळून जात नाही,’ असे वडीलधाऱ्याच्या आवाजात सांगितले. मुलगा ‘बरं काका’ म्हणाला. त्याने सायन्स घेतले, दोन वर्षे क्लासच्या पायऱ्या झिजवल्या आणि बारावीला बावन्न टक्क्यांवर येऊन थांबला. मग दूरच्या एका खासगी महाविद्यालयात भरपूर पैसे भरून अभियांत्रिकीला प्रवेश, तिथे गणिताचे राहिलेले पेपर, तिसऱ्या वर्षी कॉलेज सोडणे, एक वर्ष घरात बसणे. तेविसाव्या वर्षी तो आय.टी.आय.च्या रांगेत उभा राहिला, सोळा वर्षांच्या मुलांच्या मागे. आज त्याचा व्यवसाय उत्तम चालला आहे. पण मधली सात वर्षे गेली ती गेलीच. मला भेटतो तेव्हा आदराने बोलतो. एकदाच म्हणाला होता, ‘काका, मी तेव्हा सांगत होतो ना.’ त्यात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

त्या संध्याकाळी मी एक साधा हिशेब करायला हवा होता. सोळाव्या वर्षी दहावी झालेला मुलगा तीन वर्षांचा डिप्लोमा करून एकोणिसाव्या वर्षी बाहेर पडतो. त्याला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. म्हणजे आणखी तीन वर्षे, बाविसाव्या वर्षी अभियंता. बारावीच्या वाटेने जाणाऱ्याचे काय? अठराव्या वर्षी बारावी, पुढे चार वर्षे, म्हणजे तोही बाविसाव्या वर्षीच अभियंता. दोघे एकाच दिवशी एकाच स्थानकावर उतरतात. फरक इतकाच, की पहिल्याला मध्येच उतरावे लागले तरी त्याच्या खिशात एकोणिसाव्या वर्षीचे एक तिकीट असते आणि दुसऱ्याच्या हाती केवळ बारावीची गुणपत्रिका. हा हिशेब कुठे लपवून ठेवलेला नाही. पण आपण तो करत नाही, कारण डिप्लोमा हा आपल्या लेखी कमी हुशार मुलांचा रस्ता आहे.

शाळेच्या वयात, म्हणजे पंधरा ते अठराच्या दरम्यान, मुलांनी महाविद्यालयाच्या तोलाचे तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षण घ्यावे का, हा प्रश्न नवीन नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा फुल्यांनी शाळेतल्या मुलांना शेतीचे धडे द्यावेत, शाळेला जोडून नमुन्यादाखल शेत असावे, असे सुचवले होते. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली, ती आजची व्हीजेटीआय. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमची मांडणी झाली. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, दहावीनंतरच्या निम्म्या मुलांनी व्यवसायाकडे नेणारे शिक्षण घ्यावे, असे वीस वर्षांचे उद्दिष्ट ठेवले. दहा अधिक दोन या रचनेतले ते ‘दोन’ मुळात त्यासाठी होते. पुढे त्याची सीईटीपूर्वीची दोन वर्षे कधी झाली, ते कुणालाच कळले नाही.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उद्दिष्ट खाली आणले. उच्च माध्यमिकची दहा टक्के मुले १९९० पर्यंत आणि पंचवीस टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळावीत, असे ठरले. १९९२ साली धोरणाची फेरतपासणी झाली तेव्हा टक्के तेच राहिले, फक्त साले १९९५ आणि २००० झाली. मध्यंतरी १९८८ साली केंद्राने या शिक्षणाची मोठी योजना आणली आणि आपल्याकडे कनिष्ठ महाविद्यालयांतून किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, म्हणजे आपल्या बोलण्यातले एम.सी.व्ही.सी., सुरू झाले. २०२० च्या नव्या धोरणाने २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी, असे म्हटले. तेही साल उजाडले. याच धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेचा एक अंदाज दिला आहे. एकोणीस ते चोवीस वयाच्या भारतीय कामकऱ्यांपैकी रीतसर व्यवसाय शिक्षण मिळालेले पाच टक्क्यांहूनही कमी. अमेरिकेत ते ५२ टक्के, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६.

एवढे आयोग, एवढी धोरणे, आणि हाती पाच टक्के! सरकारला दोष देणे सोपे आहे आणि सरकार त्या दोषाचे धनी आहेच. बंद पडलेली यंत्रे, तासिका तत्त्वावर राबवले जाणारे शिक्षक, न मिळणारा कच्चा माल, हे सारे खरे. पण एक कारण आपल्या घरात आहे. व्यवसाय शिक्षण हवे, असे आपण सारेच भाषणात म्हणतो. ते शेजारच्याच्या मुलाला हवे असते.

द्विलक्षी अभ्यासक्रमांचे काय झाले ते पाहा. कल्पना फार चांगली होती. अकरावी-बारावीच्या मुलाने नेहमीच्या विषयांबरोबर एक दोनशे गुणांचा व्यवसाय विषय घ्यावा. एक लक्ष्य रोजगार, दुसरे उच्च शिक्षण, म्हणून द्विलक्षी. प्रत्यक्षात काय घडले? इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकशास्त्राला हुशार मुलांची झुंबड उडाली, कारण त्यात भाषेपेक्षा आणि जीवशास्त्रापेक्षा गुण चांगले पडतात. त्यांतल्या बहुतेकांना त्या विषयातून रोजगार नको होता, गुणपत्रिकेवरची बेरीज हवी होती. दोन लक्ष्यांपैकी एक लक्ष्य आपण पालकांनीच पुसून टाकले. उलट एम.सी.व्ही.सी.च्या वर्गात गेली ती मुले, ज्यांना दुसरीकडे कुठेच प्रवेश मिळाला नाही. वर्गाचा शिक्का एकदा पडला की शिक्षकाचाही हात ढिला होतो, आणि मग ‘तिथे काही शिकवत नाहीत’ हे म्हणायला आपण मोकळे.

आता या शिक्षणावरचा सर्वांत गंभीर आक्षेप. तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पंधराव्या वर्षी मुलाच्या हातात हत्यार द्यायचे म्हणता, पण ते कुणाच्या मुलाच्या हातात पडणार? गवंड्याच्या मुलाच्या, मोलकरणीच्या मुलीच्या. साहेबाचा मुलगा पुस्तक वाचणार आणि मजुराचा मुलगा पुन्हा मजूर होणार. ज्या देशात पिढ्यान्‌पिढ्या जातीवरून काम ठरत आले, तिथे ही भीती पोकळ नाही. १९५३ साली मद्रास प्रांतात राजाजींनी एक योजना आणली होती. प्राथमिक शाळेचे तास कमी करायचे आणि उरलेल्या वेळात मुलांनी आपल्या घरचा धंदा शिकायचा. लोकांनी तिला ‘कुलाचे शिक्षण’ म्हटले, पेरियारांनी रान उठवले आणि १९५४ साली राजाजी पायउतार झाल्यावर कामराजांनी ती योजना गुंडाळली. ते योग्यच झाले. चांभाराच्या मुलाने चांभारकीच शिकावी असे म्हणणारे शिक्षण हे शिक्षण नव्हेच. जर्मनीचे गोडवे गाताना आपण विसरतो, की तिथेही बहुतेक राज्यांत चौथीनंतर, दहा-अकरा वर्षांच्या वयात मुलांच्या वाटा वेगळ्या केल्या जातात, आणि त्यावर तिथेच सतत टीका होत असते.

पण या आक्षेपाचे उत्तर तांत्रिक शिक्षण बंद करणे हे नाही. ते शिक्षण असे असले पाहिजे, की त्याच्या पुढचे दार उघडे राहील, आणि ते दार कागदावर नव्हे तर खरोखर उघडे असेल.

आमच्या घरी धुणी-भांडी करणाऱ्या बाईंची मुलगी एम.सी.व्ही.सी.ला इलेक्ट्रॉनिक्सच्या शाखेत होती. गुण चांगले पडले. तांत्रिक गटातल्या मुलांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय होती, तो तिला मिळाला. बाईंनी आम्हाला पेढे आणून दिले. ‘भाऊ, पोरगी इंजिनेर होनार,’ म्हणाल्या. दिवाळीपर्यंत मुलगी रडकुंडीला आली. हात तिचे वर्गात सर्वांत चांगले, सोल्डरिंग तर मास्तरांहून नेटके. पण फळ्यावर कलनाचे गणित आले की तिला अक्षर कळेना, कारण आधीच्या दोन वर्षांत कुणी तिला गणित शिकवलेच नव्हते. दार उघडे होते, पण उंबरठा कमरेएवढा होता. ती हिमतीची, एक वर्ष गमावून पुढे गेली. तिच्याबरोबरच्या दोघी परत फिरल्या. त्या दोघींना कमी अक्कल होती, असे मी म्हणू शकत नाही. ‘या मुलांना गणित झेपणार नाही’ असे अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी आधीच ठरवून टाकले होते, एवढेच.

म्हणून ‘महाविद्यालयाच्या तोलाचे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पातळ केलेले व्यवसाय शिक्षण हा गरिबांच्या मुलांशी केलेला अप्रामाणिकपणा आहे. अमेरिकेत यावर गेली काही दशके प्रयोग चालू आहेत. वॉशिंग्टन राज्याने १९९० साली कायदा करून अकरावी-बारावीच्या मुलांना जवळच्या सार्वजनिक महाविद्यालयात शिकवणी शुल्काविना शिकण्याची मुभा दिली. एकच अभ्यासक्रम, त्याचे गुण शाळेतही धरायचे आणि महाविद्यालयातही. २०११ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात पी-टेक नावाची शाळा निघाली. नववी ते चौदावी अशी सहा वर्षांची सलग शाळा. शाळा, शहराचे विद्यापीठ आणि आय.बी.एम. ही कंपनी असे तिघे त्यात भागीदार. प्रवेशाला परीक्षा नाही. मुले बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या कुटुंबांतली, बरीचशी गरिबाघरची. शाळेचा दाखला आणि तंत्रविषयातली दोन वर्षांची महाविद्यालयीन पदवी दोन्ही एकदम, तीही फुकट. सहा वर्षांचा अभ्यास चार वर्षांत पुरा करून पहिली सहा मुले २०१५ मध्ये बाहेर पडली. सगळीच मुले पदवीपर्यंत पोचली असे नाही. शिवाय तांत्रिक अभ्यासक्रमांचे गुण पुढच्या चार वर्षांच्या विद्यापीठांत पुष्कळदा धरले जात नाहीत, ही तक्रार तिथेही आहे. म्हणजे अडचण तीच, दाराची. पण ते दाराशी झगडत आहेत. आपण अजून दाराकडे बघितलेलेही नाही.

परदेशाचे दाखले नको असतील, तर पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातले पाबळ आहे. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातले काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ साली त्या दुष्काळी गावात गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम उभारला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करत शिकायचे. वेल्डिंग, बांधकाम, विजेची जोडणी, शेती आणि पशुपालन, पाण्याची आणि रक्ताची तपासणी, स्वयंपाकघरातले पोषण, सगळे सगळ्यांनी करायचे, मुलींनी वेल्डिंग आणि मुलांनी स्वयंपाक यासकट. गावाला उपयोगी पडेल अशीच कामे घ्यायची आणि त्यांतून विज्ञान समजावून द्यायचे. शिक्षण मंडळाने तो विषय मान्य केला आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत तो गेला. कलबाग २००३ साली गेले, काम चालू आहे. त्यांच्या प्रयोगातली मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे ‘सगळ्यांनी’ हा शब्द. सरपंचाचा मुलगा आणि शेतमजुराची मुलगी एकाच खड्ड्याचे माप घेतात, तेव्हा जातीची भाजणी आपोआप मोडते.

मग करायचे काय? नियमांची चौकट आता बरीचशी तयार आहे. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा जाहीर झाला. तीस तासांच्या शिक्षणाला एक श्रेयांक, वर्षाला बाराशे तास आणि चाळीस श्रेयांक, आणि यात शाळेतले पुस्तकी शिक्षण व कार्यशाळेतले काम दोन्ही धरायचे. दहावीनंतर आय.टी.आय. करून भाषेचे विषय दिले तर बारावीची समकक्षता मिळण्याचीही सोय महाराष्ट्रात झाली आहे. कागद पुरेसे झाले. आता चार साध्या गोष्टी व्हाव्यात.

पहिली, गावातले तंत्रनिकेतन आणि आय.टी.आय. यांच्या कार्यशाळा आसपासच्या कनिष्ठ महाविद्यालयांना दुपारनंतर आणि शनिवारी उघड्या कराव्यात. लेथ यंत्र संध्याकाळी पाचनंतर थकत नाही. दुसरी, तिथे मिळवलेले श्रेयांक पुढे कोणत्या अभ्यासक्रमात, किती धरले जातील, हे प्रवेशाच्या दिवशीच छापील कागदावर मुलाच्या हाती द्यावे. ‘बघू, नियम येतील’ या उत्तरावर कुणी आपल्या मुलाची दोन वर्षे लावू नयेत. तिसरी, व्यवसाय शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला गणित आणि भाषा पूर्ण ताकदीने शिकवावी, कार्यशाळेतल्याच उदाहरणांतून, पण पातळ न करता. आणि चौथी, ज्याची किल्ली आपल्याच हातात आहे: नव्वद टक्केवाल्या मुलानेही यातला एक अभ्यासक्रम करावा. त्याला पुढे डॉक्टर व्हायचे असो की न्यायाधीश. आपल्या घरची तार जोडता येणारा न्यायाधीश त्या पदाला कमी शोभणार नाही, आणि तार जोडणाऱ्या माणसाशी तो जरा निराळ्या आवाजात बोलेल.

सरकारने आय.टी.आय.तल्या व्यवसायांना सुंदर मराठी नावे दिली आहेत. फिटरला जोडारी, टर्नरला कातारी, वेल्डरला संधाता. नावे कानाला गोड लागतात, पण लग्नाच्या बाजारात स्थळ सांगताना ‘मुलगा संधाता आहे’ असे कुणी अभिमानाने सांगितल्याचे मी अजून ऐकलेले नाही. ते ऐकू येईल त्या दिवशी हे सारे आयोग सार्थकी लागले, असे मी समजेन.

मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावरचा तो मुलगा, आता मुलगा कसला, दोन माणसांना रोजगार देणारा ठेकेदार, जिन्यात भेटला. त्याच्याबरोबर एक पोरगेला मुलगा होता. बारावीत शिकतो, सुटीच्या दिवशी त्याच्याकडे येतो. त्याला शिडीवर चढू देत नाहीत, विजेला हात लावू देत नाहीत, पण इमारतीच्या वीजजोडणीचा नकाशा वाचायला, भार मोजायला, तारेची जाडी ठरवायला शिकवतात. ‘काका,’ त्याने विचारले, ‘याला आता डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची मुलं करतात ते येतं. हे कुठे धरलं जाईल का हो?’

मी पुन्हा वडीलधाऱ्याच्या आवाजात काही सांगणार होतो. पण या वेळी थांबलो आणि म्हणालो, ‘उद्या आपण तिघे तंत्रनिकेतनात जाऊन विचारू.’ आम्ही गेलो. खिडकीवरच्या गृहस्थांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘अजून तसं काही आलेलं नाही.’ वाईट वाटले ते मुलाकडे बघून. त्याने मान हलवली, जणू त्याला हे उत्तर आधीपासून ठाऊकच होते. सतराव्या वर्षी एखाद्या मुलाला हे उत्तर ठाऊक असावे, यापरती शिक्षणखात्याची आणि आपली सर्वांची नापास होण्याची दुसरी गुणपत्रिका कोणती?

पुढच्या जूनमध्ये पेढा घेऊन कुणी दारात येईल तेव्हा निदान एवढे करू. ‘मग आता सायन्सच ना?’ असे विचारण्याऐवजी ‘तुला काय करायला आवडतं?’ असे विचारू, आणि उत्तर येईपर्यंत पेढा हातातच ठेवू.